तापात भूक का मरते? : वऱ्हाडच्या दुष्काळापासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंत

१८९९ साली पावसाने वऱ्हाडाकडे पाठ फिरवली. १८९६-९७ च्या दुष्काळातून बुलढाणा जिल्हा जेमतेम सावरत होता, तेवढ्यात हा दुसरा घाव बसला. खरिपाची ज्वारी गेली, कापूस गेला, कडब्याअभावी बैल गेले. आजच्या मोताळा तालुक्यातला, खानदेशाला लागून असलेला बराचसा टापू तेव्हा मलकापूर तालुक्यात मोडत असे. मुलूख नावाने निजामाचा, कारभार इंग्रजांचा. मलकापूरवरून आगगाडी धावत होती आणि धान्य बाहेरून येऊ शकत होते. पण विकत घ्यायला मजुराच्या गाठीला पैसा नव्हता.

१८९१ च्या खानेसुमारीत बुलढाणा जिल्ह्याची वस्ती सुमारे ४ लाख ८१ हजार होती. १९०१ मध्ये ती ४ लाख २४ हजारांच्या घरात आली. दहा वर्षांत आठातला एक माणूस कमी झाला. काही जण पोटासाठी मुलूख सोडून गेले, काही जन्मायचे ते जन्मलेच नाहीत. पण मोठा वाटा मृत्यूंचा होता, आणि ते सगळे मृत्यू निव्वळ उपासमारीचे नव्हते. १९०० च्या उन्हाळ्यात पश्चिम आणि मध्य हिंदुस्थानातल्या दुष्काळी कामांवर पटकीने थैमान घातले. पाठोपाठ हगवण आली आणि पावसाळ्यानंतर हिवताप आला. दुष्काळ माणसाला खिळखिळे करी आणि रोग त्याला उचलून नेई.

या दोघांच्या संगनमतात एक विपरीत गोष्ट दडलेली असते. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेल्या माणसाला ताप भरला की त्याची भूकच मरते. अन्नावरची वासना उडते, तोंडाला चव राहत नाही, समोर धरलेली पेज तो हाताने दूर सारतो. ज्याला घासाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच घास नकोसा होतो. घरोघरीच्या आयांना हे ठाऊक होते, वैद्यांना ठाऊक होते आणि इस्पितळातल्या डॉक्टरांनाही ठाऊक होते. असे का होते, हे मात्र कुणालाच सांगता येत नव्हते. त्याचे उत्तर हाती यायला पुढची शंभर वर्षे लागली, आणि त्या वाटेवरचा एक महत्त्वाचा टप्पा मुंबईत परळला होता.

मेलेल्या जंतूंचा ताप

या कहाणीची सुरुवात बर्लिनमध्ये झाली. रॉबर्ट कॉखने १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीचा जंतू ओळखला, तेव्हाच त्याने तर्क केला होता की हा जंतू काहीतरी विष तयार करत असावा. १८९२ च्या सुमारास त्याचा सहकारी रिचर्ड फायफर याने पटकीचे जंतू उष्णतेने मारले आणि ते मेलेले जंतू गिनिपिगच्या पोटात टोचले. जंतू मेलेले असूनही जनावरे मेली. यावरून फायफरने निष्कर्ष काढला की विष जंतूच्या अंगातच असते आणि तो फुटला की ते बाहेर पडते. या विषाला त्याने एंडोटॉक्सिन, म्हणजे अंतर्विष, म्हटले. विषमज्वर, प्लेग आणि आमांशाच्या एका प्रकाराचे जंतूही याच जातकुळीचे. पुढच्या अर्धशतकात रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिले की हे विष म्हणजे जंतूच्या बाहेरच्या वेष्टनातला साखर आणि चरबी यांचा एक जोडपदार्थ आहे. त्याचे नाव लिपोपॉलिसॅकराइड.

मुंबईकरांना या विषाची ओळख १८९७ मध्ये झाली, नाव न कळता. आदल्या वर्षी शहरात प्लेग शिरला होता. वाल्देमार हाफकीन ऑक्टोबर १८९६ मध्ये कलकत्त्याहून मुंबईत आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या अपुऱ्या जागेत कामाला लागले. प्लेगचे जंतू वाढवण्यासाठी त्यांनी मांसरसाच्या चंबूत वरून तुपाचे थेंब सोडले. तरंगत्या तुपाच्या बुडाशी जंतूंची वाढ धरे आणि तिचे बारीक तंतू रसात खाली लोंबत. चंबू हलवला की तंतू तुटून तळाशी बसत आणि तुपाखाली नवी वाढ सुरू होई. कित्येक आठवड्यांची ही पैदास तापवून मारली की लस तयार होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याहून मोठ्या मात्रेत. त्यांना ताप भरला, टोचल्या जागी ठणका लागला आणि ते त्यातून उठले. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात आपणहून पुढे आलेल्या कैद्यांना लस देण्यात आली.

१८९९ मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि १९२५ मध्ये तिला हाफकीन यांचे नाव मिळाले. वऱ्हाडात दुष्काळ पडला त्याच वर्षी परळची ही वास्तू कामाला लागली होती. पुढे कित्येक दशके प्लेग, पटकी आणि विषमज्वराच्या मेलेल्या जंतूंच्या लसी गावोगाव गेल्या. यात्रेच्या वाटेवर, पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्यांच्या दंडात, शाळेच्या पडवीत पोरांच्या रांगेत ही टोचणी झाली. दंड सुजायचा, अंग मोडून यायचे, रात्री ताप चढायचा आणि दुसऱ्या दिवशी जेवण नको व्हायचे. रोग झालेला नसे, जंतूही मेलेले असत, तरी भूक जायची. याचा अर्थ असा की भूक जाण्यासाठी जिवंत जंतूची गरजच नव्हती. मेलेल्या जंतूचे वेष्टन पुरेसे होते.

आज हे मोजूनही झाले आहे. संशोधनासाठी पुढे आलेल्या निरोगी स्वयंसेवकांना शरीराच्या वजनाच्या किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम शुद्ध अंतर्विष शिरेतून देतात. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तेवढ्यानेही तास-दीड तासात हुडहुडी भरते, डोके दुखते, मळमळते. सहा-आठ तासांत सगळे ओसरते.

खाऊ घालावे की उपाशी ठेवावे?

कारण कळत नसतानाही निर्णय तर घ्यावाच लागे. आपल्याकडच्या वैद्यकाने तापाच्या सुरुवातीला लंघन सांगितले, आणि ताप उतरू लागला की पेज, मंड, मुगाचे कढण अशी चढती शिडी लावून दिली. युरोपातही तापकऱ्याला उपाशी ठेवण्याचाच प्रघात होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या तापात माणूस रोगाइतकाच उपासाने मरतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मुदतीच्या तापात, म्हणजे विषमज्वरात, हा वाद खरा पेटला. तीन-तीन आठवडे ताप, आतड्याला जखमा, आणि घन अन्न पोटात गेले तर आतडे फाटेल ही भीती. म्हणून रोग्याला पाण्यावर आणि पातळ दुधावर ठेवत. ताप उतरेपर्यंत हाडांचा सापळा उरे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत न्यूयॉर्कमध्ये वॉरन कोलमन आणि युजीन डुबॉइस यांनी विषमज्वराच्या रोग्यांना दूध, साय, अंडी, साखर असा भरपूर उष्मांकांचा आहार दिला आणि शरीराची झीज मोजली. भरपूर खाणाऱ्यांची झीज कमी झाली. पण रोगी मनाने खात नसे. परिचारिकांना चमच्याचमच्याने भरवावे लागे. भूक मारणारी वस्तू शरीरात कुठे बसली आहे, हा प्रश्न तसाच राहिला.

पटकीचे दुसरे विष

दरम्यान पटकीचे कोडे वेगळ्या वाटेने सुटत होते. फायफरच्या अंतर्विषाने संशोधकांना साठ वर्षे भलत्या दिशेला नेले होते. सगळे जण पटकीचे विष रक्तात शोधत राहिले. कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी ते आतड्यात शोधले. सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडले की तो पाण्याने टरारून फुगतो, हे त्यांनी १९५३ मध्ये दाखवले. जंतू गाळून काढलेला नुसता द्रवही तेच करतो, हे त्यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले.

त्याच १९५९ साली परळच्या हाफकीन संस्थेत एन. के. दत्ता, एम. व्ही. पानसे आणि डी. आर. कुलकर्णी यांनी दुसऱ्या रीतीने हेच दाखवले. दत्तांनी आधी १९५५ मध्ये हब्बू यांच्याबरोबर सशाच्या दूधपित्या पिलांमध्ये पटकी घडवून आणण्याची पद्धत बसवली होती. आता या तिघांनी त्या पिलांच्या पोटात जिवंत जंतू नसलेला जंतूंचा अर्क सोडला, आणि पिलांना पटकीसारखे जुलाब होऊन ती दगावली. पानसे आणि कुलकर्णी ही नावे मराठी वाचकाने अभिमानाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. पटकीच्या विषाचा इतिहास सांगताना कलकत्त्याचे नाव घेतले जाते आणि ते योग्यच आहे, पण त्याच्या शेजारी परळचे नावही हवे.

भुकेच्या दृष्टीने हा शोध फार बोलका आहे. पटकीचे हे विष आतड्याच्या पेशींना क्षार आणि पाणी बाहेर टाकायला लावते, पण आतड्याला फारशी सूज आणत नाही आणि ताप क्वचितच येतो. म्हणून पटकीचा रोगी पाण्यावाचून मरणाच्या दारात गेलेला असला, तरी त्याला पुरेसे क्षार-पाणी मिळाले की काही तासांत उलटी थांबते आणि तो खायला मागतो. विषमज्वराच्या रोग्याची भूक मात्र आठवडेच्या आठवडे परत येत नाही. एक विष भुकेला फारसा धक्का लावत नाही, दुसरे तिला मुळापासून दाबून टाकते. म्हणजे भूक जाणे हा आजारपणाचा सरसकट परिणाम नव्हता. त्याला स्वतःचे असे कारण होते.

निरोप कोण देतो?

भुकेचे ठाणे मेंदूत आहे, हे १९५१ मध्ये पक्के झाले. बाळकृष्ण आनंद आणि जॉन ब्रोबेक यांनी अमेरिकेत येल विद्यापीठात उंदरांच्या मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागाच्या दोन्ही बाजूंचे इवलेसे ठिकाण नष्ट केले. उंदरांनी खाणे सोडले. अन्न समोर असताना ते उपाशी मरू लागले. आनंद पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख झाले. त्या संस्थेचे पहिले संचालक भालचंद्र बाबाजी दीक्षित हे एके काळी हाफकीन संस्थेत काम केलेले. सल्फा औषधांनी प्लेग बरा होऊ शकतो, हे परळला ज्यांनी दाखवले, त्या साहिबसिंग सोखे यांच्या चमूत ते होते.

ठाणे सापडले, पण रक्तातले विष तिथवर निरोप कसा पोचवते? याचा धागा एका भलत्याच रोगात हाती लागला. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातले अँथनी सेरामी आफ्रिकेतल्या गुरांना होणाऱ्या ट्रिपॅनोसोमा या परजीवीच्या रोगाचा अभ्यास करत होते. सशांना हा रोग दिला की ते खाणे टाकत आणि झडत जात. असा उपाशी, हाडे निघालेला ससा, आणि त्याच्या रक्तातला द्रव मात्र चरबीने दुधासारखा पांढरा! खाणे बंद आहे आणि रक्तातली चरबी शरीरात मुरतही नाही, असा उफराटा प्रकार होता.

मग १९८१ मध्ये मसानोबू कावाकामी आणि सेरामी यांनी एक नेमका प्रयोग केला. उंदरांचा एक वाण असा आहे की त्याच्यावर अंतर्विषाचा परिणाम होत नाही. साध्या उंदरांना अंतर्विष टोचून त्यांच्या रक्तातला द्रव या निबर उंदरांना दिला, आणि त्यांच्यातही तोच बिघाड उमटला. याचा अर्थ उघड होता. विष स्वतः काही करत नव्हते. विषाची चाहूल लागताच शरीराच्याच रोगप्रतिकारक पेशी एक द्रव्य सोडत होत्या आणि करणी त्या द्रव्याची होती. १९८५ मध्ये ब्रूस बॉइटलर यांनी ते शुद्ध केले. गाठी जाळणारे द्रव्य म्हणून १९७५ पासून ठाऊक असलेले ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर ते हेच, असे निघाले. त्याच वर्षी मिशिगनच्या संशोधकांनी असाच दुसरा निरोप्या, इंटरल्यूकिन-१, उंदरांची भूक घालवतो असे दाखवले. ते निबर उंदीर निबर का, याचे उत्तर बॉइटलर यांनी १९९८ मध्ये शोधले. अंतर्विष ओळखणारी पेशीवरची खूणच त्यांच्यात बिघडलेली होती. २०११ च्या नोबेल पारितोषिकात या शोधाचा वाटा होता.

तापात भूक जंतू मारत नाही, आपले शरीरच मारते. बर्लिनच्या गिनिपिगपासून निघालेला शोध नव्वद वर्षांनी या उत्तरावर येऊन थांबला.

संप्रेरकांची उलटापालट

पुढचा उलगडा संप्रेरकांनी केला. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांना चरबीच्या पेशींतून निघणारे लेप्टिन सापडले. अंगात साठा पुरेसा आहे, हे ते मेंदूला कळवते आणि भूक आवरते. दोनच वर्षांनी कार्ल ग्रुनफेल्ड यांच्या गटाला दिसले की हॅम्स्टरना अंतर्विष दिले की लेप्टिनचे उत्पादन वाढते. १९९९ मध्ये जपानच्या मासायासू कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी पोटातून निघणारे घ्रेलिन शोधले. ते उलट काम करते. पोट रिकामे राहिले की वाढते आणि भूक पेटवते.

२००३ मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी उपाशी ठेवलेल्या उंदरांना अंतर्विष दिले. उपाशी असल्यामुळे त्यांच्या रक्तात घ्रेलिन चढलेले होते. विष जाताच ते नुकत्याच जेवलेल्या उंदराइतके खाली आले. पोटात कण नाही आणि रक्त मात्र मेंदूला सांगते की जेवण झाले. वऱ्हाडात पेज दूर सारणाऱ्या हाताची थोडी उकल इथे होते.

हे काम एकट्या लेप्टिनचे किंवा एकट्या घ्रेलिनचे नाही. लेप्टिन जन्मतःच नसलेले उंदीरसुद्धा अंतर्विषाने खाणे सोडतात. आतड्याकडून मेंदूकडे जाणारी व्हेगस नस, मेंदूतली भूक आवरणारी मेलॅनोकॉर्टिन यंत्रणा आणि प्रतिकारक पेशींची द्रव्ये असे अनेक मार्ग एकाच ठिकाणी येऊन मिळतात. एक बंद पडला तरी दुसरे चालू राहावेत अशीच ही रचना आहे. इतकी भक्कम रचना निसर्गाने उगाच केलेली नसते.

शहाणपण कुणासाठी?

ही रचना उगाच नाही, याचा पुरावा १९७९ मध्येच आला होता. मरे दांपत्याने लिस्टेरिया जंतूंची लागण झालेल्या उंदरांना नळीने बळेच पोटभर खाऊ घातले. आपल्या मर्जीने कमी खाणाऱ्या उंदरांतले निम्म्याहून कमी मेले, बळेच भरवलेल्यांतले दहापैकी नऊ. २०१६ मध्ये येलच्या रुस्लान मेडझिटोव्ह यांच्या गटाने यात मोलाची भर घातली. जंतूंच्या आजारात उपास तारक ठरला, पण इन्फ्लुएन्झाच्या विषाणूत उपाशी उंदीर दगावले आणि खाणारे तगले. लंघनामागच्या जुन्या अनुभवात तथ्य होते, पण ते प्रत्येक तापाला सारखे लागू नव्हते.

तरीही या उंदरांकडे बघून आपल्या गावातल्या मुलाचा निर्णय करता येत नाही. ते उंदीर धडधाकट होते, अंगावर साठा असलेले होते. अशा शरीराला दोन दिवसांचा उपास परवडतो. ज्याच्या अंगावर साठाच नाही, त्याच्यासाठी हाच हुकूम घातक ठरतो. १९६८ मध्ये नेविन स्क्रिमशॉ, कार्ल टेलर आणि जॉन गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या ग्रंथात हे दुष्टचक्र मांडले. कुपोषणामुळे लागण जोर धरते, लागणीमुळे भूक जाते, भूक गेल्यामुळे कुपोषण वाढते आणि पुढची लागण आणखी सोपी होते. १९०० मध्ये वऱ्हाडात हेच चक्र फिरले. मेळघाटातल्या कुपोषित बाळाच्या अंगात ते आजही फिरते.

म्हणून या इतिहासाचा व्यवहारातला अर्थ आई-आजीपर्यंत आणि अंगणवाडीपर्यंत पोचला पाहिजे. तापात मूल खात नाही म्हणून त्याला दटावू नये, कोंबू नये. त्याचा हट्ट नाही, त्याच्या रक्तातला निरोपच तसा आहे. पाणी, जलसंजीवनी आणि अंगावरचे दूध मात्र एक क्षणही थांबवू नये. मऊ भात, ज्वारीच्या कण्या, मुगाची खिचडी थोडी थोडी, पुन्हा पुन्हा पुढे करत राहावी. खरी संधी त्यानंतर येते. ताप उतरला, जुलाब थांबले की ती द्रव्ये रक्तातून निघून जातात, घ्रेलिन पुन्हा चढते आणि मूल स्वतःहून मागू लागते. झीज भरून काढण्याचे दिवस तेच. जुलाबानंतर निदान दोन आठवडे रोज एक जेवण जादा द्या, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लंघन सांगणाऱ्या वैद्यकानेही पेजेपासून पूर्ण जेवणापर्यंतची शिडी सांगितली होती. आपण लंघन लक्षात ठेवले आणि शिडी विसरलो. गरिबाच्या घरी ते जादा जेवण आईच्या इच्छेने येत नाही, डब्यात डाळ असेल तर येते. १९०० मध्ये आगगाडीने धान्य येऊ शकत होते आणि लोकांच्या ताटात पोचत नव्हते. ताप उतरलेल्या मुलाची भूक परत येईल तेव्हा त्याच्या ताटात अन्न असेल, एवढी जबाबदारी समाजाची आणि सरकारची आहे, आणि ती पार पाडायला आता कोणत्याही नव्या शोधाची वाट बघावी लागत नाही.